महाविद्यालयाचे माहिती तंत्रज्ञान धोरण कसे लिहावे आणि अमलात कसे आणावे

महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक या परिषदेच्या भेटीची तारीख जवळ आली की अनेक महाविद्यालयांत माहिती तंत्रज्ञान धोरणाची शोधाशोध सुरू होते. एखाद्या मोठ्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून पीडीएफ उतरवून घेतली जाते, तिच्यातले नाव बदलले जाते, प्राचार्यांची सही आणि शिक्का होतो आणि फाइल अंतर्गत गुणवत्ता कक्षाच्या (आयक्यूएसी) कपाटात जाऊन बसते. त्या कागदात डेटा सेंटरच्या सुरक्षेवर दोन पाने असतात आणि प्रत्यक्षात महाविद्यालयाचा सर्व्हर म्हणजे कार्यालयातील टेबलाखाली ठेवलेला एक संगणक असतो. असा कागद तपासणीपुरता चालूनही जात असेल. पण एखाद्या विद्यार्थिनीच्या नावाने कुणी बनावट खाते उघडले किंवा प्रवेश अर्जांची एक्सेल फाइल गावभर फिरली, तर त्या दिवशी कुणी काय करायचे हे त्या पीडीएफमधून कुणालाच कळत नाही.

पुढील मांडणी महाराष्ट्रातील संलग्नित महाविद्यालय डोळ्यांसमोर ठेवून केली आहे. उल्लेखिलेले बहुतेक कायदे केंद्राचे असल्यामुळे गोव्यातील महाविद्यालयांनाही ती फारशी बदलावी लागणार नाही. काम चांगले करायचे तर एक सत्र लागते, आणि त्यातला निम्मा वेळ दुसऱ्या पायरीलाच द्यावा लागतो.

पहिली पायरी : समिती आणि तिचा अधिकार

धोरण लिहिणाऱ्यांना ते लिहिण्याचा अधिकार लेखी दिलेला असावा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ च्या कलम ९७ प्रमाणे प्रत्येक संलग्नित महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असते. तिच्या बैठकीत ठराव करून धोरण समिती नेमावी आणि इतिवृत्तात तशी नोंद करावी. अशा समितीचे काम संगणक विभागप्रमुखांच्या गळ्यात घालण्याची सर्वत्र पद्धत आहे. माझ्या मते ती चुकीची आहे. महाविद्यालयाकडील सर्वांत नाजूक माहिती संगणक प्रयोगशाळेत नसून कार्यालयात असते. त्यामुळे कार्यालयीन अधीक्षक किंवा प्रवेशाचे काम वर्षानुवर्षे पाहणारे मुख्य लिपिक या समितीत असलेच पाहिजेत. त्यांच्याबरोबर परीक्षा अधिकारी, ग्रंथपाल, वसतिगृहाचे रेक्टर, लैंगिक छळाच्या तक्रारी पाहणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीची एक सदस्य आणि किमान दोन विद्यार्थी घ्यावेत. अध्यक्षपद प्राचार्यांकडे किंवा उपप्राचार्यांकडे ठेवावे, कारण पुढे काही निर्णय विभागांना अप्रिय वाटणारे असतील.

दुसरी पायरी : माहितीची नोंदवही

धोरणाचे पहिले वाक्य लिहिण्याआधी महाविद्यालयाकडे कुणाची, कोणती माहिती, कुठे आणि किती काळापासून पडून आहे याची नोंदवही तयार करावी. या पायरीला फाटा देऊन लिहिलेले धोरण उसनेच राहते, मग त्यातली भाषा कितीही चांगली असो.

नोंदवही करण्याची सोपी रीत अशी, की एक विद्यार्थी कल्पावा आणि त्याने प्रवेश अर्ज भरल्यापासून तो दाखला घेऊन बाहेर पडेपर्यंतची वाट कागदावर उतरवावी. अर्ज भरताना तो आधार क्रमांक, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचे पासबुक, पालकांचा मोबाइल क्रमांक आणि छायाचित्र देतो. ही माहिती प्रवेशाच्या संगणक प्रणालीत जाते, तिची एक प्रत एक्सेलमध्ये काढून ओळखपत्र छापणाऱ्याला पाठवली जाते, दुसरी प्रत विद्यापीठाच्या नोंदणीसाठी जाते, शिष्यवृत्तीची कागदपत्रे महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलच्या कामासाठी एका लिपिकाच्या पेनड्राइव्हवर येतात. वर्गशिक्षक व्हॉट्सॲप ग्रुप काढतात, तेथे सर्वांचे मोबाइल क्रमांक सर्वांना दिसू लागतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी कार्यक्रम अधिकारी स्वतःच्या खासगी जीमेल खात्यातून फॉर्म पाठवतात आणि त्यात रक्तगट व आजारांची माहिती विचारतात. ग्रंथालयाच्या कोहा प्रणालीत त्याने वाचलेल्या पुस्तकांची नोंद राहते, प्रवेशद्वारावरील कॅमेरा त्याचे येणे-जाणे टिपतो, आणि कुठे बोटांच्या ठशांचे हजेरी यंत्र असेल तर तेही यादीत येते.

या प्रत्येक ठिकाणासाठी नोंदवहीत सहा रकाने ठेवावेत : माहिती कोणती, ती घेण्याचा हेतू काय, ती नेमकी कुठे साठवली आहे, तिच्यापर्यंत कोण पोहोचू शकतो, ती बाहेर कुणाला दिली जाते, आणि ती कधी नष्ट करायची. शेवटचा रकाना भरताना बहुतेक ठिकाणी शांतता पसरते, कारण जुनी माहिती काढून टाकायची असते हा विचारच कार्यालयांत रुजलेला नसतो. प्रत्येक विभागाने आपला भाग स्वतः भरावा, मात्र समितीतील दोघांनी प्रत्यक्ष जाऊन तो ताडून पाहावा. शिक्षकांच्या वैयक्तिक खात्यांतील फॉर्म कुणी आपण होऊन सांगत नाही. ते विचारावे लागतात, तेही दोष न देता.

नोंदवही पुरी झाली की अर्धे धोरण आपोआप सुचते. ज्या माहितीचा हेतू कुणालाच सांगता येत नाही, ती पुढच्या वर्षीच्या प्रवेश अर्जातून वगळावी.

तिसरी पायरी : कोणता कायदा कुठे लागतो

धोरणाच्या सुरुवातीला वीस कायद्यांची नावे देण्याची फॅशन आहे. त्यापेक्षा नोंदवहीतील प्रत्येक बाबीसमोर तिला लागू होणारा कायदा लिहिला, तर तो वाचणाऱ्याला उपयोगी पडतो.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू असलेला मूळ कायदा आहे. कलम ४३ व ६६ अनधिकृत प्रवेश आणि संगणकाची हानी यांविषयी, ६६ सी दुसऱ्याचा पासवर्ड किंवा डिजिटल ओळख चोरण्याविषयी, ६६ डी संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसवण्याविषयी आणि ६६ ई खासगी अवयवांची छायाचित्रे संमतीविना टिपण्याविषयी किंवा पसरवण्याविषयी आहे. ६७, ६७ ए आणि ६७ बी ही कलमे अश्लील मजकूर व बालकांच्या लैंगिक चित्रणाविषयी आहेत.

येथे एक इशारा आवश्यक आहे. नक्कल करून आणलेल्या धोरणांत आजही आक्षेपार्ह ऑनलाइन संदेशांविषयीच्या कलम ६६ ए चा उल्लेख सापडतो. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवून रद्द केले. त्या प्रकरणाचे मूळ आपल्याच पालघरमध्ये होते : २०१२ मध्ये मुंबईतील बंदविषयी फेसबुकवर लिहिल्याबद्दल आणि त्यास पसंती दिल्याबद्दल दोन तरुणींना अटक झाली होती. त्यामुळे “महाविद्यालयाची बदनामी करणारा किंवा त्रासदायक मजकूर टाकल्यास ६६ ए नुसार कारवाई” असे वाक्य धोरणात राहिले असेल, तर ते आजच काढावे. कॅन्टीनच्या चहावर किंवा परीक्षेच्या वेळापत्रकावर विद्यार्थ्यांनी केलेली टीका शिस्तभंगाच्या व्याख्येत ओढू नये. धमकी, लैंगिक छळ, जातिवाचक शिवीगाळ आणि रॅगिंग यांची मात्र स्पष्ट नावे घेऊन मनाई करावी.

अनुदानित महाविद्यालयांना माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ लागू असतो आणि कलम ४ प्रमाणे बरीच माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावी लागते. म्हणून “सर्व माहिती गोपनीय” असे सरसकट कलम धोरणात घालता येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम ४२ दृक्-श्राव्य आणि इलेक्ट्रॉनिक मजकूर दिव्यांगांना वापरता येईल अशा स्वरूपात असावा असे सांगते. सूचना फलकावरील कागदाचा तिरका फोटो संकेतस्थळावर चढवला, तर अंध विद्यार्थ्याच्या वाचक सॉफ्टवेअरला त्यातले अक्षरही कळत नाही.

चौथी पायरी : विद्यार्थ्यांची वैयक्तिक माहिती

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने आहे. संस्थांवरील मुख्य जबाबदाऱ्या अधिसूचनेनुसार अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, लागू होतात. हा काळ तयारीसाठी आहे. २०२६-२७ चे प्रवेश घेताना जी माहिती गोळा होईल, ती कायदा पूर्ण लागू होईल तेव्हाही महाविद्यालयाकडेच असेल.

या कायद्याच्या दृष्टीने माहिती कशासाठी व कशी वापरायची हे ठरवणारे महाविद्यालय जबाबदार घटक ठरते. त्याने माहिती घेताना स्पष्ट सूचना द्यावी लागते, आणि ती इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचण्याचा पर्याय विद्यार्थ्याला असावा लागतो. आपल्याकडे ती मराठीत असणे हे ओघानेच आले. प्रवेश अर्जावर पुढीलप्रमाणे मजकूर देता येईल : “आपला मोबाइल क्रमांक महाविद्यालयाच्या सूचना कळवण्यासाठी आणि विद्यापीठाच्या नोंदणीसाठी घेतला जात आहे. तो खासगी शिकवणी वर्गांना किंवा जाहिरातदारांना दिला जाणार नाही. माहितीत दुरुस्ती हवी असल्यास किंवा दिलेली संमती मागे घ्यायची असल्यास कार्यालयातील माहिती संरक्षण तक्रार अधिकाऱ्यांकडे अर्ज करावा.” शिष्यवृत्ती, महाविद्यालयाच्या माहितीपत्रकातील छायाचित्र आणि माजी विद्यार्थी संघ या तिन्ही गोष्टींसाठी एकच सही घेऊ नये, प्रत्येक हेतूसमोर वेगळी चौकट द्यावी. तक्रारीचा निपटारा करण्यासाठी नियमांनी कमाल ९० दिवस दिले आहेत, पण धोरणात पंधरा दिवसांची मुदत घालायला काहीच हरकत नाही.

आपल्याकडील एक बाब बाहेरच्या नमुना धोरणांत मुळीच सापडत नाही. महाराष्ट्रातील असंख्य वरिष्ठ महाविद्यालयांच्या आवारातच अकरावी-बारावीचे वर्ग भरतात. या कायद्याच्या दृष्टीने अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक आहे, म्हणजे जवळजवळ संपूर्ण कनिष्ठ महाविद्यालय आणि पदवीच्या प्रथम वर्षातील बरेच विद्यार्थी या व्याख्येत येतात. बालकांची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. तसेच त्यांच्या वर्तनाचा मागोवा घेण्यास आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यास मनाई आहे. शिक्षणसंस्थांना नियमांनी यातून सूट दिली आहे, पण ती संस्थेच्या शैक्षणिक कामापुरत्या आणि बालकांच्या सुरक्षिततेपुरत्या मागोव्यासाठीच. हजेरी किंवा बसचे ठिकाण पाहणे त्यात बसेल. बारावीच्या मुलांची यादी प्रवेशपरीक्षेच्या शिकवणी वर्गाला देणे कोणत्याही अर्थाने बसणार नाही. म्हणून प्रवेश प्रणालीत जन्मतारखेवरून अठरा पूर्ण न झालेल्यांच्या नोंदीला वेगळी खूण पडेल अशी सोय पुरवठादाराकडून करून घ्यावी.

आधारबाबत कार्यालयांत अजूनही गोंधळ आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर केवळ प्रवेशासाठी आधारची सक्ती करता येत नाही. शासकीय निधीतून मिळणाऱ्या शिष्यवृत्तीची गोष्ट वेगळी. जेथे आधार घ्यावेच लागते, तेथे पहिले आठ अंक झाकलेली प्रत चालते का, ते आधी पाहावे. गुणवत्ता यादी लावताना अर्ज क्रमांक, नाव, गुण आणि आवश्यक तेथे आरक्षणाचा प्रवर्ग पुरेसा असतो; मोबाइल क्रमांक, जन्मतारीख आणि आधार क्रमांकासह पूर्ण एक्सेल संकेतस्थळावर चढवण्याची सवय कितीही जुनी असली, तरी ती मोडावी लागेल. सुरक्षेच्या वाजवी उपाययोजना न केल्यास वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. एवढी रक्कम एखाद्या तालुक्याच्या महाविद्यालयाला लागेल असे मी म्हणत नाही, कारण दंड ठरवताना कसुरीचे स्वरूप व गांभीर्य पाहिले जाते. पण हा आकडा संस्थाचालकांच्या बैठकीत वाचून दाखवला, तर समितीच्या अंदाजपत्रकाकडे जरा बरे लक्ष जाते.

पाचवी पायरी : खाती, वाय-फाय आणि वसतिगृह

प्रत्येक शिक्षकाला आणि लिपिकाला महाविद्यालयाच्या डोमेनवरील ईमेल द्यावा आणि कार्यालयीन काम खासगी ईमेलवरून करण्यास ठरावीक तारखेपासून मनाई करावी. एसी डॉट इन आणि ईडीयू डॉट इन ही डोमेने अर्नेट इंडिया या संस्थेकडून मिळतात. त्यांच्या नूतनीकरणाची जबाबदारी एका पदाकडे असावी, व्यक्तीकडे नव्हे, अन्यथा ते प्राध्यापक निवृत्त झाले की संकेतस्थळाची किल्लीही त्यांच्याबरोबर जाते. बदली, राजीनामा किंवा निवृत्ती झाली की ना-देय प्रमाणपत्रावर खाती बंद केल्याची सही घेणे हा सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक नियम आहे. ग्रंथालयाचे आणि भांडाराचे येणे नाही हे आपण तपासतोच. त्याच कागदावर एक ओळ वाढवायची.

वाय-फाय प्रत्येकाने स्वतःच्या खात्याने वापरावे. फळ्यावर लिहिलेला एकच पासवर्ड सर्वांनी वापरला, तर गैरप्रकार कुणी केला हे नंतर सांगता येत नाही. नोंदी किती काळ ठेवायच्या याचे उत्तर दोन ठिकाणी आहे : सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत १८० दिवस आणि वैयक्तिक माहितीच्या नव्या नियमांत एक वर्ष. धोरणात एक वर्ष लिहावे, म्हणजे दोन्ही भागतात. या नोंदी कोण पाहू शकतो हेही लिहावे. खाते, वेळ आणि यंत्राचा पत्ता नोंदवणे वेगळे आणि विद्यार्थ्याचे संदेश वाचणे वेगळे. दुसऱ्या प्रकारचा अधिकार कायद्याने ठरावीक शासकीय यंत्रणांना, तोही ठरलेल्या पद्धतीने, दिलेला आहे. रेक्टरांना किंवा प्राचार्यांना दिलेला नाही.

वसतिगृहाचे नियम याच चाळणीतून काढावेत. कोझिकोड जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते रात्री दहा या वेळेत मोबाइल वापरण्यास मुलींना बंदी होती. ती न जुमानणाऱ्या विद्यार्थिनीला वसतिगृहाबाहेर काढल्यावर केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये तिला परत प्रवेश देण्याचा आदेश दिला आणि इंटरनेटची उपलब्धता शिक्षणाच्या व खासगीपणाच्या हक्काचा भाग मानली. तो निकाल आपल्या उच्च न्यायालयाचा नाही, तरीही “रात्री दहानंतर मुलींचे मोबाइल जमा” अशी ओळ लिहिण्यापूर्वी तो वाचावा. आणि जो नियम मुलांच्या वसतिगृहाला लावणार नाही, तो मुलींच्या वसतिगृहाला लावू नये.

सहावी पायरी : पुरवठादाराशी करार

प्रवेश, शुल्क आणि निकालाची प्रणाली बहुधा खासगी कंपनीची असते आणि तिच्याशी झालेला करार म्हणजे अनेकदा दरपत्रक आणि खरेदीचा आदेश एवढाच असतो. नव्या कायद्यानुसार पुरवठादाराकडून माहिती हाताळून घेण्यासाठी वैध करार लागतो आणि त्याच्या हातून चूक झाली तरी विद्यार्थ्यांपुढे उत्तरदायी महाविद्यालयच राहते. करारात किमान पाच गोष्टी असाव्यात : माहिती महाविद्यालयाने सांगितलेल्या कामापलीकडे वापरायची नाही, सर्व्हर कुठे आहे ते कळवायचे, माहिती फुटल्याची शंका येताच काही तासांत कळवायचे, करार संपल्यावर संपूर्ण माहिती वापरता येईल अशा स्वरूपात परत द्यायची, आणि नंतर आपली प्रत पुसल्याचे लेखी द्यायचे. चौथ्या मुद्द्यावर घासाघीस होते, पण तोच सोडू नये. माहिती परत मिळत नाही म्हणून महागड्या प्रणालीशी वर्षानुवर्षे बांधून राहिलेली कार्यालये थोडीथोडकी नाहीत.

सातवी पायरी : सॉफ्टवेअर, ग्रंथ आणि वाङ्मयचौर्य

हा भाग धोरणात छोटा ठेवला तरी चालतो. संगणक प्रणालीची चोरटी प्रत जाणूनबुजून वापरल्यास कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ६३ बी प्रमाणे किमान सात दिवस ते तीन वर्षांपर्यंत कारावास आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. परवाने परवडत नसतील तर लिबरऑफिस, मूडल आणि कोहा यांसारखी मुक्त साधने आहेत. ती सक्तीने नव्हे, प्रशिक्षणानेच रुळतात. अभ्याससाहित्याबाबत कलम ५२ मध्ये अध्यापनासाठी सवलत आहे आणि दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तिचा उदार अर्थ लावला. पण वर्गापुरत्या नोंदी देणे आणि संपूर्ण पाठ्यपुस्तक स्कॅन करून सर्वांसाठी खुल्या संकेतस्थळावर ठेवणे यांतला फरक शिक्षकांना सांगावा.

संशोधन केंद्र असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे वाङ्मयचौर्यविषयक विनियम जोडावेत. त्यांत इतरांच्या लेखनाशी दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, दहा ते चाळीस टक्क्यांवर सुधारित प्रबंध द्यावा लागतो, चाळीस ते साठ टक्क्यांवर सुधारित प्रबंध देण्यास एका वर्षाची बंदी येते आणि साठ टक्क्यांपलीकडे नोंदणी रद्द होते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांसाठी विषयनिहाय मोकळीक ठेवून एक गोष्ट मात्र ठामपणे लिहावी : विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका, तक्रारी आणि वैद्यकीय कागद अशा बाहेरच्या साधनांत कोणीही चढवू नयेत.

आठवी पायरी : घटना घडल्यावर पहिले सहा तास

हे पान धोरणातून वेगळे काढून कार्यालयात भिंतीवर लावावे. सर्ट-इनच्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते. हे निर्देश बॉडी कॉर्पोरेट (कंपन्यांसारख्या संस्था) आणि शासकीय संस्थांसह अनेक घटकांना लागू आहेत. आपले महाविद्यालय नेमके कोणत्या व्याख्येत येते यावर वाद घालत बसण्यापेक्षा कळवणे श्रेयस्कर. वैयक्तिक माहिती फुटली असेल तर नव्या नियमांनुसार संबंधित विद्यार्थ्यांना आणि त्या कायद्याखालील माहिती संरक्षण मंडळाला विनाविलंब सांगावे लागेल आणि मंडळाला सविस्तर अहवाल ७२ तासांत द्यावा लागेल. पैशांची फसवणूक असेल तर १९३० हा सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक लगेच फिरवावा, कारण रक्कम पुढच्या खात्यात जाण्यापूर्वी ती थांबवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते.

पुरावा जपण्याचा मुद्दा सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. कॅमेऱ्याचे चित्रण जुन्यावर नवे चढत काही आठवड्यांत पुसले जाते, म्हणून तक्रार येताच त्या दिवसाचा भाग वेगळा काढून ठेवावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात द्यायची तर दोन भागांतील प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे ओळखण्याचा गणिती ठसा) नमूद करावे लागते. ते कसे काढायचे हे संगणक विभागातील दोघांनी आधीच शिकून ठेवावे. मोबाइलवर पडद्याचे चित्रण करून ते ग्रुपवर टाकणे हा पुरावा जपण्याचा मार्ग नाही, उलट त्यातून दुसरी तक्रार उभी राहते.

पीडित व्यक्ती अठरा वर्षांखालील असेल आणि प्रकरण लैंगिक स्वरूपाचे असेल, तर बालकांच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो अधिनियम, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. “दोन्ही पालकांना बोलावून आपसांत मिटवू” हा पर्याय तेथे प्राचार्यांकडे उरत नाही, आणि हे वाक्य धोरणात ठळक अक्षरांत असावे.

नववी पायरी : ठराव, प्रसिद्धी आणि सराव

मसुदा पंधरा दिवस शिक्षक, कर्मचारी आणि विद्यार्थ्यांच्या सूचनांसाठी खुला ठेवावा, मग महाविद्यालय विकास समितीत मंजूर करून त्यावर क्रमांक, तारीख आणि पुढील फेरविचाराचा महिना टाकावा. मूळ मसुदा मराठीत लिहावा. इंग्रजी प्रत नॅकसाठी नंतर करता येते. उलट केले, तर शिपायापासून लिपिकांपर्यंत ज्यांच्या हातून माहिती रोज जाते, ते वाचतच नाहीत. विद्यार्थ्यांसाठी दोन पानांचा गोषवारा प्रवेश अर्जासोबत द्यावा.

मंजुरीनंतर महिन्याभरात एक रंगीत तालीम घ्यावी. एखाद्या शुक्रवारी दुपारी चार वाजता समितीच्या सचिवांनी कार्यालयात निरोप द्यावा, की प्रथम वर्षाच्या प्रवेशाची एक्सेल फाइल बाहेर फिरते आहे, आणि घड्याळ लावून बसावे. पहिला फोन कुणाला गेला, पुरवठादाराचा क्रमांक कुणाकडे सापडला, त्या दिवशी रजेवर असलेल्या व्यक्तीचे काम कुणी उचलले आणि सहा तासांच्या आत कळवण्याचा मसुदा तयार झाला की नाही, हे इतिवृत्तात जसेच्या तसे नोंदवावे. धोरणाची पहिली दुरुस्ती त्या इतिवृत्तावरूनच करावी.